चाकांना लागलेली हळद

मित्रांनो, मी बुटकी आहे म्हणून हसू नका. स्पीडब्रेकर आला की माझं पोट घासतं, खड्डा दिसला की जीव मुठीत धरावा लागतो, आणि सामानाला जागा विचाराल तर दोन नारळ आणि एक छत्री मावली तरी खूप. पण मी स्पोर्ट्स कार आहे. लाल, दोन दारांची, आणि आता बरीच जुनी.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. बोटीतून इकडे आले ती थेट वर्तकनगरच्या सलिलरावांच्या सोसायटीत. दर रविवारी सकाळी ते मला बाहेर काढत. आधी बुटांचे तळ पुसत, मोबाइल समोरच्या कप्प्यात टाकत आणि मगच किल्ली फिरवत. एवढे लाड माझे कधी झाले नाहीत, असं त्यांची बायको चित्रा म्हणायची. मला ते ऐकायला फार आवडायचं.

पुढे सलिलरावांची पाठ धरली आणि त्यांना माझ्यात वाकून बसणं जमेना. मी कव्हरखाली गेले. टायर बसले, कव्हरवर एका मांजरीनं संसार थाटला आणि रविवार नुसते येऊन जाऊ लागले. नको झालेल्या वस्तूचं दुःख मला तेव्हा कळलं.

मग मला विकत घ्यायला मयूर आला. घोडबंदर रोडलगतच्या गावातला हा तरुण. त्याच्या आजोबांच्या भातशेतीच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. त्यानं मला बघितलं आणि तो हरखूनच गेला. किल्ली हातात देताना सलिलराव एवढंच म्हणाले, “ओल्या रस्त्यावर ही घसरण्याआधी सांगते. फक्त ऐकणारा भानावर हवा.”

मयूरनं मान हलवली खरी, पण त्याचं लक्ष माझ्या बॉनेटच्या चकाकीवर होतं.

त्यानं मला नवे टायर घातले, नवी बॅटरी बसवली. दिवस पुन्हा सुखाचे झाले. तुळशीचं लग्न उरकलं आणि मयूरचं लग्न आलं. नवरी निशिगंधा, खडवलीची. हळदीच्या दुपारी अंगणात मांडव गजबजला होता. मयूरची आई तुळसा हळदीची वाटी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. घरच्या जात्याला हळद लागते, मुसळाला लागते, मग नवरदेवाच्या गाडीनं काय पाप केलं, असं तिचं म्हणणं. तिनं बॉनेटला हळद लावली. मग नवरदेवाच्या पायांना लावतात तशी तेलात कालवलेली हळद माझ्या चारी चाकांना चोळली. हातचं न राखता, टायरच्या खाचाखाचांत. जन्मात पहिल्यांदा कुणी मला घरचं माणूस मानलं होतं. मी विरघळून गेले.

तेवढ्यात कळलं की नवरीच्या शालूवरचा ब्लाउज वर्तकनगरच्या शिंप्याकडेच राहिला आहे. मयूर लगेच तयार झाला. तुळसानं त्याला अडवलं. “हलद लागली का येशीभायेर जायाचा नाय,” ती म्हणाली. तो हसला आणि स्टिअरिंगवर बसला. तेव्हा तिनं निदान करवली तरी सोबत असू दे म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीला, रुपालीला, शेजारी बसवलं. नवरदेवाची लिंबू खोचलेली कट्यार तिच्या मांडीवर दिली.

आम्ही गावाबाहेर पडलो आणि अवकाळी सर आली. जोराची नव्हती, पण डंपरनी सांडलेल्या मातीचा चिखल व्हायला पुरेशी होती. त्यात मयूरचा मित्र देवेश याचा व्हिडिओ कॉल आला. हळद लागलेली गाडी त्याला आत्ताच बघायची होती. मयूर एका हातानं मला चालवत होता आणि दुसऱ्या हातानं दाखवत होता. पहिल्याच वळणावर माझी मागची चाकं किंचित सरकली. मी स्टिअरिंग हलकं करून त्याला सांगितलं. त्याला कळलं नाही. मी घाबरले, मित्रांनो. ओरडायला मला तोंड नाही.

“दादा, गाडी हलली ना आत्ता?” रुपालीनं विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनं त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि कप्प्यात टाकला. “देवेशला लग्नात बघू दे. तू पुढे बघ.”

मयूर चिडला, पण त्यानं पुढे बघितलं. पुढे बस थांबलेली होती. उतरलेली माणसं पाणी चुकवत निघाली होती आणि भाजीची पिशवी घेतलेली एक बाई बसच्या मागून रस्ता ओलांडत होती. ब्रेकवर दाणकन पाय दिला असता तर मी भोवऱ्यासारखी फिरले असते. पण आता त्याचे दोन्ही हात माझ्यावर होते आणि तो ऐकत होता. त्यानं अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय अलगद उचलला. माझा मागचा भाग डावीकडे सरकला, तसं त्यानं स्टिअरिंगही तिकडेच हळूच वळवलं. मी सरळ झाले. मग ब्रेक थोडा थोडा दाबत त्यानं मला थांबवलं. बाई हातभर अंतरावर उभी होती.

तिनं मयूरचा पिवळा चेहरा बघितला. “नवरदेव ना रे तू?” ती म्हणाली. “घरी जा, बाबा.”

मयूरनं मला कडेला घेतलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून तो रडला. रुपालीनं खाली उतरून टायरवरून बोट फिरवलं. बोट पिवळं आणि तेलकट झालं. ते बघून दोघं जी हसत सुटली, ती थांबेचनात. मग त्यांनी जवळच्या धुलाई केंद्रात माझी चाकं साबणानं धुऊन घेतली आणि बैलगाडीच्या चालीनं जाऊन ब्लाउज आणला.

घरी त्यांनी तुळसाला सगळं सांगितलं. तिनं मयूरच्या पाठीवरून हात फिरवला, मग रुपालीच्या. वेस ओलांडली म्हणून झालं, असंच ती आजही म्हणते. रुपाली मोबाइलला दोष देते. मयूर तेलाला. मी तिघांचंही ऐकून घेते.

दुसऱ्या दिवशी खडवलीला निघताना रस्ता ओलाच होता. तुळसा हळद घेऊन आली, बॉनेटला बोटं लावली. आदल्या दिवसासारखा हात चाकाकडे गेला आणि तिथेच थबकला. तिनं तो पदराला पुसला. मग मुलाच्या खिशातला मोबाइल काढून स्वतः कप्प्यात ठेवला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना जरूर सजवा, लाड करा. पण ओल्या रस्त्यावर आमच्याकडे लक्ष असू द्या. आमचं बोलणं फार हळू असतं, हाताला कळेल एवढंच.

त्या दिवशी वऱ्हाडाच्या बसनं आम्हाला मागे टाकलं. खिडक्यांतून पोरं वाकुल्या दाखवत होती. स्पोर्ट्स कारला याहून मोठी नामुष्की कोणती? पण खरं सांगते, मला मुळीच वाईट वाटलं नाही. मांडवात आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोहोचलो, आणि नवरदेव माझं दार उघडून आपल्या पायांनी उतरला.