पट्टा सोडून घेतलेलं माप

गेल्या वर्षी संत एलियाच्या जत्रेत मी फेर अर्ध्यात सोडून पळाले. अठरा वर्षं आमच्या गावच्या फेराचं टोक माझ्याकडे आहे. पांढरा रुमाल माझ्या हातात आणि मी नेईन तिकडे सत्तर माणसं. हा रुमाल नाचताना टाकायचा नसतो. मी टाकला. उड्या सुरू झाल्या आणि लोकरी झग्याच्या आत माझे पाय ओले झाले.

गावानं ठरवलं, केरानाचे गुडघे गेले. मी म्हटलं, बरंच झालं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण गुडघे गेलेत म्हटल्यावर लंगडायला नको? वर्षभर लंगडले हो! पाव आणायला लंगडत, चर्चमध्ये लंगडत, आणि घरात शिरले की ताठ. माझा नवरा स्लावी खिडकीतून बघायचा. "अगं, काल डावा होता ना? आज उजवा कसा?"

"तू गप्प बस आणि टोमॅटोला पाणी घाल," मी म्हणायचे. त्याला सगळं ठाऊक होतं, पण बाहेर कुणापाशी कधी शब्द नाही काढला. गुणी माणूस आहे.

गुणी नव्हती ती समोरची जेना. तिच्या जिभेला हाड नाही. "सहासष्टीला माणसानं रुमाल सोडावा," असं सगळ्यांना सांगत फिरायची. जूनमध्ये सरपंच दारात येऊन उभा. "केरानाताई, यंदा टोकाला उभ्या राहणार, की रुमाल दुसऱ्या कुणाला देऊ?"

"राहणार!" मी म्हणाले. मग आत जाऊन रडले.

सोमवारी बस पकडून तालुक्याच्या औषधाच्या दुकानात गेले. तिथली मुलगी, रादोस्तिना, माझ्या धाकटीच्या वयाची. तिच्यासमोर जीभ रेटेना. म्हटलं, "सासूबाईंसाठी हवेत. मोठ्या माणसांचे डायपर."

"अंथरुणावरच असतात का?"

"हो हो, उठतच नाहीत." सासूबाई अकरा वर्षं मातीत आहेत, उठतील कशा!

तिनं बिचारीनं चिकटपट्टीवाले दिले, झोपलेल्या माणसाचे. मी घालून दोन पावलं नाचले तर कोंड्याच्या पोत्यासारखा आवाज, आणि तिसऱ्या पावलाला सगळं घसरून गुडघ्यात.

पुढच्या सोमवारी लाज गुंडाळून ठेवली. "सासू नाही, मी. मला दोन तास नाचायचंय. उड्या मारून." रादोस्तिना हसली नाही. तिनं पँटीसारखे घालायचे डायपर काढले. कंबर किती, नितंब किती, विचारलं. मी पर्समधून कागद काढला. वसंतात शिंपिणीनं नव्या पोशाखासाठी घेतलेलं ताजं माप होतं. तिनं तक्ता बघितला आणि सगळ्यात मोठा साईज दिला.

घरी परीक्षा घेतली. तीन पेले ताक प्यायले, रेडिओ लावला, गोठ्यात बकरीसमोर नाचले. खोकले, उडी मारली. मांडीवरून थेट मोज्यात! बकरीसुद्धा बाजूला सरकली. मी तिथंच गवतावर बसले आणि म्हटलं, संपलं, जेना जिंकली.

तिसऱ्या सोमवारी गेले ती भांडायलाच. "काय विकतेस गं तू? गळकी घमेली?"

"मावशी, पडद्याआड या," ती म्हणाली. तिनं स्वतः टेप लावला. मग कागद बघितला, मग माझ्याकडे. "हे माप कशावरून घेतलंय?"

"कशावरून म्हणजे? पोशाखावरून. आत सदरा, वर झगा, वर लोकरीचा पट्टा तीन वेढे. पोशाखाचं माप असंच घेतात."

ती जी हसायला लागली ती खुर्चीवरच बसली. मलाही हसू आवरेना, आणि हसता हसता पुन्हा व्हायचं ते झालं, पण त्या दिवशी मला काही वाटलं नाही. माझा साईज दोन नंबर खाली निघाला. "मोठा घेतला म्हणजे जास्त धरतो असं नाही," ती म्हणाली. "मांडीला घट्ट बसला पाहिजे, फट राहिली की गळणारच. आणि डॉक्टरांना दाखवा, यावर व्यायाम असतो." बकरीसमोर पुन्हा परीक्षा झाली, चार पेल्यांची. मोजे कोरडे!

जत्रेच्या दिवशी लंगडणं दारातच सोडलं आणि रुमाल हातात घेतला. गाय्दा, म्हणजे आमची कातडी पिशवीची पिपाणी, फुंकली गेली, ढोल बडवला, आणि मी सत्तर माणसांना चर्चभोवती, विहिरीभोवती, सरपंचाच्या गाडीभोवती फिरवलं. उड्यांच्या फेरात तर वाजवणारे दमले. मी म्हटलं, "वाजवा रे, मेलात का?" काय सांगू, वीस वर्षांची झाले होते मी!

मग कोकराच्या सुपाला सगळे लांब टेबलाशी बसले. जेना मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "केराना, गुडघ्यांना काय लावलंस गं? आम्हालाही कळू दे."

हंसाची चरबी म्हटलं असतं तर सुटले असते. पण आणखी एक वर्ष खोटं बोलायचा मला कंटाळा आला. चमचा खाली ठेवला. "गुडघे ठणठणीत आहेत. मला लघवी धरवत नाही. आत डायपर घातलाय, मापाचा, म्हणून नाचले."

स्लावीनं माझ्या वाडग्यात आणखी सूप वाढलं. "खा," म्हणाला, "दमली असशील."

मला वाटलं, आता जेना गावभर करणार. पण ती उठून माझ्याशेजारी येऊन बसली. तोंड पांढरं पडलेलं. हळूच म्हणाली, "पट्टीवाला की पँटीसारखा?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बारा वर्षं जेना फेराच्या शेपटाला उभी राहायची, उड्या सुरू झाल्या की निघून जायची. आम्ही म्हणायचो, केवढा तोरा! शेपटाकडून तिचं घर जवळ पडतं.

"अगं वेडे," मी म्हणाले, "आधी का नाही बोललीस?"

"तू तरी कुठं बोललीस?"

सोमवारी बसला आम्ही सहाजणी होतो. गाडी हलायच्या आत मी उभी राहिले आणि विचारलं, "बायांनो, मापं पट्टा सोडून घेतलीत ना?" सगळ्यात मोठ्यानं "हो" म्हणाली ती जेना. पुढच्या जत्रेत ती टोकाला नाचणार आहे, माझा हात धरून.