बाईंनी अडवलेली फेरी

पिंपळनेरच्या मुलींच्या शाळेत प्रमिलाबाई एकट्याच शिक्षिका होत्या. बेचाळीसच्या चळवळीत नंदुरबारला शाळकरी पोरांच्या फेरीवर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्याला वर्ष व्हायला आलं होतं. वर्षदिनाच्या आदल्या दुपारी त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि वरच्या वर्गातल्या मुलींना ती हकीकत सांगितली. "पुस्तकात हे येणार नाही, तेव्हा तुम्हीच ध्यानात ठेवा," असं त्या म्हणाल्या. मुली कान देऊन ऐकत राहिल्या. बाईंना मनातून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या तर मुली अंगणात रांग धरून उभ्या. पुढे गावातल्या झुंबरबाईची लेक मंजुळा, हातात तुराटीच्या काठीला बांधलेला झेंडा. त्यातली हिरवी पट्टी कुणाच्या तरी जुन्या लुगड्याची होती.

"कुठे निघालात?"

"चावडीवर, बाई. फेरी काढणार आहोत."

चावडीपुढे बंदूकवाल्या पोलिसांचा तळ पडलेला होता. त्यांनी फाटक ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"कुणीही बाहेर जायचं नाही."

"पण ती मुलं तर गेली होती," मंजुळा म्हणाली. "मागे फिरली नाहीत, असं तुम्हीच सांगितलं."

सांगितलं होतं खरं, आणि मोठ्या अभिमानानं. आता रांगेच्या शेवटी दोन चिमुरड्या आपापल्या थोरल्या बहिणींचे हात धरून उभ्या होत्या, आणि बाईंना त्यांच्याकडे बघवेना.

"मी मेलेल्यांची आठवण सांगितली, मंजुळा. मरायला जा म्हणून नाही सांगितलं."

"मग आठवण ठेवून करायचं काय?"

तेवढ्यात फाटकाला बाहेरून धक्का बसला आणि बाई बाजूला झाल्या. झुंबरबाई शेतातून तशीच धावत आली होती, पाय चिखलानं भरलेले. तिनं मंजुळाचं मनगट धरलं.

"काय शिकाडतस बाई तुम्ही पोरीसले? गोळी काय वय देखीसन लागस का? माले एकच पोर शे."

तिच्या मागोमाग हवालदार आणि दोन शिपाई आत शिरले. गावात कुणकुण लागलीच असावी. अंगणात कुणी हललं नाही.

प्रमिलाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी तुराटीला हात घातला. मंजुळानं मूठ आवळली. बाईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं, तेव्हा हळूहळू मूठ सुटली.

"फेरी कुणाच्या हुकमानं?" हवालदारानं विचारलं.

"फेरी नाही. माझ्या शाळेच्या अंगणात माझ्या मुली उभ्या आहेत."

"आणि हा झेंडा?"

"माझा."

"यांच्या डोक्यात कुणी भरवलं हे?"

"मी."

"बसवा त्यांना वर्गात."

"बसतील. आधी गेल्या वर्षी मेलेल्या पोरांसाठी दोन मिनिटं उभ्या राहतील." बाई मुलींकडे वळल्या. "माना खाली. बोलायचं नाही."

एका शिपायानं खांद्यावरची बंदूक हातात घेतली. चिमुरड्यांपैकी एक मुसमुसू लागली. झुंबरबाईनं लेकीचं मनगट सोडलं नाही, पण ओढलंही नाही. हवालदार एकवार त्या रडणाऱ्या पोरीकडे, एकवार बाईंकडे बघत राहिला. मग त्यानं शिपायाला हातानंच थांबवलं.

दोन मिनिटं संपून मुली वर्गात गेल्यावर हवालदार बाईंना चावडीवर घेऊन गेला. जबाब झाला आणि संध्याकाळी त्यांना सोडलं, पण थोड्याच दिवसांत नोकरी गेल्याचा हुकूम आला आणि त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या.

धुळ्याला माहेरी निघायच्या सकाळी बाई ट्रंक बांधत होत्या, तेव्हा झुंबरबाई दारात येऊन उभी राहिली.

"तुम्हीनच पोर पेटाडी, तुम्हीनच फाटकमा अडावी. तुम्हले काय म्हनू, ते माले समजत नही."

"मलाही समजत नाही," बाई म्हणाल्या. "मंजुळा शाळेत जाते ना?"

"निंदाले लायी शे वावरमा."

"निंदणी राहू द्या. शाळेत पाठवा तिला."

झुंबरबाईनं पदर खोचला, ट्रंकेची एक कडी धरली आणि बाईंनी दुसरी धरायची वाट पाहिली. मग दोघी मोटारीच्या रस्त्याला लागल्या.