हात मिळवा

आनंदरावांनी आयुष्यात मंडळातलं एकही भांडण पोलिसांपर्यंत जाऊ दिलं नव्हतं, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस कबड्डी मंडळाचा अध्यक्ष. भांडणाऱ्या दोघांना मैदानाच्या मधल्या रेषेवर समोरासमोर बसवायचं, बोलतं करायचं आणि शेवटी हात मिळवायला लावायचं, ही त्यांची पद्धत. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा खेळाडूंच्या वाटणीवरून पेटलेला वादही त्यांनी असाच मिटवला होता. तेव्हापासून तर ते स्वतःला न्यायाधीशच समजत.

मंडळात खेळणाऱ्या सोळा वर्षांच्या हर्षाची आई बायजाबाई घरी येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "अध्यक्षसाहेब, कुलदीप सरानं सामानाच्या खोलीत कडी लावून पोरीच्या अंगाले हात लावला," तेव्हा आनंदराव हादरले खरे. पण कुलदीप त्यांनीच घडवलेला प्रशिक्षक. त्यांनी चार दिवस विचार केला आणि नेहमीचाच तोडगा काढला.

सकाळी मैदान रिकामं होतं. हर्षा रेषेच्या अलीकडे, कुलदीप पलीकडे, बायजाबाई लेकीच्या मागे उभी.

"बोल बेटा, काय झालं?" आनंदराव म्हणाले.

चढाईला गेली की जिचा दम तुटत नसे, त्या पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. कुलदीपच हसून म्हणाला, "गैरसमज झाला तिचा, काका. मी पकड शिकवून राहिलो होतो." आणि त्याने हात पुढे केला.

"चला, हात मिळवा," आनंदराव सवयीने बोलून गेले.

हर्षाने हात दिला. अध्यक्षांचं ऐकायचं असतं, म्हणून दिला. कुलदीपने तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला, आणि पोरगी डोळे मिटून अख्खी आखडून गेली.

बायजाबाईने पुढे होऊन लेकीचा हात सोडवला. "मले सांगाले तिले पंधरा दिवस लागले, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "तुमी तिले पुन्हा त्याच्याच हातात देलं."

आनंदरावांना लाज वाटली, सपशेल लाज. त्यांनी कुलदीपकडून खोलीच्या किल्ल्या मागून घेतल्या. "आजपासून इथं पाय ठेवू नको," म्हणाले, आणि मायलेकींपुढे हात जोडले. "चुकलो मी. ठाण्यात चालता का? मी येतो सोबत."

ठाण्यात महिला फौजदार समोर बसल्या. "तुम्हाला कधी कळलं?"

"चार दिवस झाले."

"मग चार दिवस काय केलं?"

समजूत काढत होतो, असं म्हणता आलं असतं. तोंडावर आलेली राज्य स्पर्धा, मंडळाचं नाव, काय काय ओठांवर आलं. "त्याले वाचवत होतो," आनंदराव म्हणाले. "आज तर पोरीले त्याच्यासमोर बसवलं, हात मिळवाले लावला. माझं नाव घालून लिहा."

फौजदारबाईंनी लिहिलं. बाजूच्या बाकावर आईला बिलगून बसलेली हर्षा इतका वेळ खाली पाहत होती. तिने मान वर केली आणि आनंदरावांकडे पाहिलं.

"काका, तुमी आता बाहेर बसा," ती म्हणाली. "मी सांगतो मॅडमले."