सरळ बसायची तालीम

मोरीतला नळ खाकरला. दुपारचं पाणी आलं. माझी लेक शमिका झोपलेली, घर इतकं गप्प की त्या खाकरण्यालासुद्धा मी दचकले. बादली लावली आणि पुन्हा कपाटाच्या आरशासमोर खुर्ची ओढून बसले. पाठ ताठ, खांदे सैल. हात मांडीवर, पण एकमेकांत अडकवलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझी मुलाखत होती. एमआयडीसीत आंब्याचा पल्प परदेशी पाठवणारी एक कंपनी आहे, तिथे रिसेप्शनची जागा.

हर्षद, माझा नवरा, जहाजावर असतो. शमिकाच्या शाळेसाठी आम्ही दोघी गुहागरहून रत्नागिरीला आलो, त्याला वर्ष होईल. सासू-सासरे तिकडेच, बागेत. इथले शेजारी चांगले आहेत. जिन्यात भेटले की "काय, बरं ना?" विचारतात आणि मी उत्तर देईस्तोवर त्यांचं दार लागलेलं असतं. एकदा मी मोजलं. शमिकाशी बोललेलं सोडलं तर दिवसभरात माझी अकरा वाक्यं झाली, त्यातली चार मासेवालीशी. नोकरी मला त्यासाठी हवी होती. रिसेप्शनवर माणसं येतात आणि त्यांच्याशी बोलावंच लागतं.

मोबाइलवर एक बाई मुलाखतीत कसं बसावं ते शिकवते. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, म्हणते. माझं तिथेच अडायचं. गुहागरच्या घरात सहा वर्षं आप्पांसमोर मी खुर्चीत बसले नाही. आप्पा म्हणजे सासरे, स्वभावाने गरीब माणूस, त्यांनी कधी शब्दाने टोकलं नाही. पण मोठी माणसं समोर असली की उभं राहायचं, नजर खाली ठेवायची, हे अंगात भिनलं. आता तर व्हिडिओ कॉलवर हर्षदच्या चेहऱ्याकडे बघितलं तर त्याला मी खाली बघतेय असं दिसतं, आणि कॅमेऱ्याकडे बघितलं तर मला तो दिसत नाही.

संध्याकाळी शमिका साहेब झाली. स्टुलावर चढून तिने घसा साफ केला.

"नाव काय तुमचं?"

"राजश्री."

"भिंतीकडे बघून सांगू नका. परत."

"राजश्री. बी.कॉम. झाले आहे."

"तुमच्या पायाचा अंगठा हलतोय."

"टेबलाखालचा तुला कसा दिसला गो?"

"मी वाकले."

"साहेब असे वाकून बघत नाहीत."

"मी बघते," ती म्हणाली. "परत."

सात वेळा परत झालं. झोपेला आली तरी तिने मला पास केलं नाही.

मुलाखतीला तिघं होते. एक मॅडम, अजिंक्य नावाचा एक तरुण मॅनेजर आणि मालकांचे वडील. पांढरा सदरा, कानावर केस, थेट आप्पांच्या वयाचे. ते आत आले तेव्हा माझे गुडघे आपोआप उचलले जाऊ लागले. मी पावलं फरशीवर दाबून धरली आणि बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांत बघून नमस्कार केला. ते हसले. मग सगळं सोपं झालं. मॅडमनी इंग्रजीतून विचारलं, मी अडखळले, पण मान खाली गेली नाही. चहा आला. मी चहा पीत बोलत होते, चार मोठी माणसं बोलावीत तशी. मॅडम अजिंक्यला म्हणाल्या, "कॉन्फिडन्स आहे हो हिच्यात." मी ऐकलं. घरी जाऊन शमिकाला काय सांगायचं ते मनात ठरवूनही टाकलं.

"ठीक आहे, कळवतो आम्ही," मॅडम म्हणाल्या.

मी उठले. आणि माझ्या हातांनी टेबलावरचे कप गोळा केले. माझा, मॅडमचा, अजिंक्यचा, शेवटी आजोबांचा. एकात एक रचले, खाली बशा धरल्या आणि विचारलं, "कुठे ठेवू?"

अजिंक्य तोंड उघडून थांबला. आजोबा मायेने म्हणाले, "मागे गेलीस की डावीकडे, बाळा."

मागे गेले आणि कप विसळूनही टाकले. तिथे चिमामावशी होत्या, तिथल्या चहापाण्याच्या.

"अगो बाय, तू कशाला धुतेस? मी काय मेलेय?" आणि मला वर-खाली बघून, "माझ्या जागेवर आलीस काय? साडी बरी नेसून आलीस ती."

मी हसले. त्या सावर्ड्याच्या निघाल्या. गुडघे दुखतात, मे महिन्यात काम सोडणार, लेक सुनेचं ऐकतो. पाच मिनिटांत सगळं सांगून झालं. वर्षभरात कोणी मला एवढं सांगितलं नव्हतं. नळ बंद करून पदराला हात पुसताना मला कळलं, मी काय करून बसले ते.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. रिसेप्शनवर दुसरी मुलगी घेतली होती. "पण आमच्या मावशी मेमध्ये जातायत. मोठे सर म्हणाले, त्या मुलीला विचारा. फार घरंदाज वाटली त्यांना. बघा, राग नका मानू."

"विचारून सांगते," मी म्हणाले. कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही. हर्षदचं जहाज दोन दिवस रेंजमध्ये नव्हतं. रेंजमध्ये असतं तरी मी त्याला काय विचारणार होते? तिथे माणसं होती, एवढं खरं. चहा घ्यायला तरी माझ्याकडे यावंच लागलं असतं त्यांना. फोन हातात धरून हा सगळा विचार मी उभ्यानेच करत होते, खुर्ची शेजारी असून.

शमिका शाळेतून आली. दप्तर टाकायच्या आधी तिने विचारलं, "पास?"

मी तिला सगळं सांगितलं. बसलेली, उत्तरं दिलेली, नजर, कप, फोन. ती बूट काढायची थांबून ऐकत होती.

"ते आपल्याकडे आले होते?"

"नाही. मी त्यांच्याकडे गेले होते."

"म्हणजे तू पाहुणी."

"हो."

"कोणी तुला सांगितलं, कप उचल म्हणून?"

"नाही गो."

तिने माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं, मला शिकवलं होतं तसं.

"मग तू का उचललेस?"