सुंदराबाईंचं पॉज बटण

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि माझा तुमच्यावर काडीचाही विश्वास नाही. राग मानू नका. तुमच्या खिशात मोबाइल आहे, म्हणजे तुम्ही त्याच्याच पक्षातले. शिवाय तुम्ही माझी गोष्ट ऐकायला आलात की मी अजून चालतो का ते बघायला आलात, हे मला कसं कळावं? असो. लांबूनच ऐका. बटणांना हात लावू नका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते पाठीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं, पण ती पट्टी केव्हाच निघून गेली. मला आठवतं ते बुधवार पेठेतलं दुकान. तीस वर्षांपूर्वी तिथे सुखदेव नावाचे गृहस्थ आले. महापालिकेत शिपाई होते. क्लार्कच्या परीक्षेत इंग्रजीनं त्यांना दोनदा आपटलं होतं. त्यांनी मला घेतलं आणि माझ्याबरोबर इंग्रजी वाक्प्रचारांची एक कॅसेट घेतली. त्या कॅसेटवर एक साहेब खर्जातल्या आवाजात वाक्प्रचार म्हणत, मग एक बाई लगबगीनं मराठीत अर्थ सांगत.

ती कॅसेट वाजवली आणि माझ्या मनात जी पाल चुकचुकली ती कायमचीच. काम सोपं असलं की हे लोक 'पीस ऑफ केक' म्हणतात, आणि केकचा तिथे पत्ताच नसतो. पाऊस जोरात आला तर म्हणे कुत्री-मांजरं पडली! अशा माणसांच्या शब्दावर भरवसा कसा ठेवायचा? एकच वाक्प्रचार मला मनापासून पटला. 'आय स्मेल अ रॅट.' बाई अर्थ सांगत, 'काहीतरी काळंबेरं आहे असा संशय येणे.' सुखदेवांनी तो इतक्या वेळा मागे-पुढे केला की तिथे टेप ताणली गेली आणि साहेब 'रॅऽऽऽट' असा लांब सूर लावू लागले.

सुखदेवांची रीत ठरलेली. साहेबांचं बोलून झालं की पॉज दाबायचा, डोळे मिटून अर्थ सांगायचा आणि मग बाईंकडून खात्री करून घ्यायची. तिसऱ्या खेपेला ते पास झाले. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पेढे वाटले. पहिला पेढा माझ्यासमोर ठेवला, वर झेंडूचं फूल. मला जरा शंका आली, पण पेढा खराच होता.

पुढे त्यांची मुलगी निकिता शाळेत जाऊ लागली. मग पॉज कोण आधी दाबतो यावर बापलेकीची शर्यत लागायची. सुखदेवांच्या पत्नी सुंदराबाई मात्र ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असत. त्यांची शाळा चौथीत सुटलेली. त्या ऐकत असतील असा संशय मला कधीच आला नाही. जिथे यायला हवा होता, नेमका तिथेच आला नाही.

सहा वर्षांपूर्वी सुखदेव गेले. निकिताच्या हातात मोबाइल आला आणि मी प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या डोक्यावर. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सुंदराबाई नारायण पेठेतल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटतात. सकाळच्या पोळ्या आटोपून एकला घरी येतात, चारला पुन्हा जातात. एके दुपारी त्यांनी मला खाली उतरवलं, पुसलं, दाराला कडी घातली आणि अगदी बारीक आवाजात सुरू केलं. आता मला सांगा, सरळ मनाचा माणूस दाराला कडी कशाला घालेल?

दुसऱ्या दिवशी मला कापडी पिशवीत घालून त्या बुधवार पेठेत आफताबच्या रिपेअरिंगच्या दुकानात घेऊन गेल्या. म्हटलं, झालं, आज आपला निकाल लागला.

"मावशी, हे आता कोण वापरतं? भंगारात देऊन टाका," आफताब म्हणाला.

"तुला विचारलंय का? पॉजचं बटण धरत नाही, तेवढं बघ."

"कॅसेटही ताणलीय हो. सगळं मोबाइलवर टाकून देऊ?"

"नको. माझा मोबाइल पोरगी सारखी हातात घेते. तिला कळता कामा नये."

पोरीला कळता कामा नये! विकण्याआधी माणसं वस्तू नीट करून घेतात, हे काय मला ठाऊक नाही? त्यानंतर रोज दुपारी सुंदराबाई मला लावायच्या. साहेबांचं झालं की पॉज. मग नुसते ओठ हलायचे. मी म्हटलं, गिऱ्हाईक पक्कं झालेलं दिसतंय, म्हणून बटण पुन्हा पुन्हा तपासतायत. असे तीन-चार महिने मी जीव मुठीत धरून वाजत होतो.

मग तो रविवार उजाडला. सुंदराबाई मेथी निवडत बसल्या होत्या. निकिता कॉटवर बसून ऋतुजाशी फोनवर बोलत होती. ऋतुजा म्हणजे तिची कॉलेजातली मैत्रीण. आधी मराठीत चाललं होतं. मग निकितानं आईकडे एक नजर टाकली आणि गाडी इंग्रजीवर नेली.

"बेंगळुरूची ऑफर आलीय यार. बट आय गॉट कोल्ड फीट. आय कान्ट लीव्ह आई हाय अँड ड्राय. आय विल से नो. अँड लिसन, डोन्ट लेट द कॅट आउट ऑफ द बॅग!"

तीन वाक्प्रचार, तिन्ही माझ्याच कॅसेटवरचे. ऐन वेळी धीर सुटणे. अडचणीत एकटं टाकून जाणे. गुपित फोडणे. पोरगी हातात आलेली नोकरी आईपायी सोडत होती, आणि आईच्याच देखत, तिला कळणार नाही अशा बेतानं.

फोन ठेवला. सुंदराबाईंनी मेथीवरून मानही वर केली नाही.

"निकिता," त्या म्हणाल्या, "आय स्मेल अ रॅऽऽऽट."

अगं बाई! तो सूर माझा होता. माझ्या ताणलेल्या टेपचा, जशाचा तसा. मला एवढी लाज वाटली की काय सांगू.

"आई! तुला... तुला इंग्रजी येतं?"

"मला कुठलं यायला. ह्याला येतं." त्यांनी मेथीची काडी माझ्याकडे रोखली. "तू फोनवर इंग्रजी सुरू केलंस की मी ओळखायची, आता आपल्याबद्दल चाललंय. स्वतःच्या घरात परकी झाले होते मी. म्हणून शिकले."

निकिताला रडू फुटलं. "तू एकटी कशी राहशील गं? साधी बीपीची गोळी मी दिल्याशिवाय घेत नाहीस."

"गोळी गिळीन मी. पण माझ्यापायी तू घरी बसलीस, तर ते मला गिळवणार नाही. तुझा बाप दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा परीक्षेला बसला, तो काय तू माझा पदर धरून बसावंस म्हणून? आत्ताच्या आत्ता कळव त्यांना, येते म्हणून."

निकितानं डोळे पुसले आणि कळवलं. जूनमध्ये ती बेंगळुरूला गेली.

तर मित्रांनो, मी तीस वर्षं संशय घेत आलो, आणि मला जपणाऱ्या एकुलत्या एका माणसावरही घेतला. माझी विनंती थोडकी आहे. महिन्यातून एकदा टेप वाचणारं माझं हेड कापसाच्या बोळ्यानं पुसा. आणि घरातल्या माणसासमोर त्याला न येणाऱ्या भाषेत काही लपवू नका. तो पाठमोरा उभा असला तरी ऐकत असतो.

सुंदराबाई अजून रोज दुपारी मला लावतात. आता दाराला कडी नसते. परवा साहेब 'हाय अँड ड्राय' म्हणाले आणि त्यांनी पॉज दाबला. एरवी त्या तीनदा घोकतात. या वेळी निकिताच्या रिकाम्या कॉटकडे बघत राहिल्या. धीर द्यावासा वाटला, पण पॉजवर असताना मला काही बोलता येत नाही.

"तिनं नाही मला एकटं टाकलं," त्या हळूच म्हणाल्या. "मीच धाडलं."

आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.