एक्केचाळीसावं नाव

धोंडिराम सर्वगोड नुसते गप्प बसले असते, तर त्यांच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. दोन वर्षांची मुदतवाढ, खिडकीजवळची खुर्ची, आणि ज्या नंदीशला त्यांनी अर्ध्या चड्डीत पाहिलं होतं त्याच्या तोंडून ‘तुमच्याशिवाय नाही’ हे वाक्य. तिसरी सगळ्यात महाग.

गप्प बसणं त्यांना अवघडही नव्हतं. सोलापुरातल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ते सव्वीस वर्षं गप्पच होते. टायपिस्ट म्हणून आले, बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकले, आणि आता महिनाअखेर निवृत्त व्हायचे होते.

त्या सकाळी बैठक होती. माढ्याकडच्या एका साखर कारखान्याने विचारलं होतं, की उसाच्या वजनाचा तुमचा नवा प्रोग्राम कोणकोणत्या लायब्रऱ्यांवर चालतो? म्हणजे आधीच कुणी लिहून ठेवलेले कुठले कुठले तुकडे त्याला लागतात? जुन्या मालकाचा मुलगा नंदीश आता स्वतः मालक होता. त्याने आठवून आठवून चाळीस नावं टाईप केली होती.

“सगळं नवं कोरं आहे,” तो म्हणाला. “जुना खिळासुद्धा ठेवला नाही.” बोलताना त्याने धोंडिरामकाकांकडे पाहिलं नाही. एवढी सभ्यता त्याच्यात होती.

बुद्धप्रिया कंपनीत जेमतेम दोन वर्षांची. ती म्हणाली, “सर, आपण कशाला आठवायचं? मी एक स्क्रीन केलीय. प्रोग्राम चालू असतानाच स्वतःची यादी वाचून दाखवतो.”

तिने बटण दाबलं. नावं आली एक्केचाळीस. शेवटचं ‘काटा’.

“हे कुठलं आणि?” नंदीशने विचारलं.

“माझं हाय,” काका म्हणाले. “वजनकाट्यावरनं आकडा आनतंय ते. दोन हजार नऊ सालचं.”

नवा प्रोग्राम करताना कुणीतरी ती जुनी फाईल तशीच आत टाकली होती. ट्रॉली काट्यावर चढली की नवा कोरा प्रोग्राम मुकाट्याने तिलाच हाक मारायचा. ती फाईल चालायची, पण उघडून वाचता किंवा बदलता येत नव्हती; तिचा मूळ कोड ज्या संगणकात होता, तो संगणक कधीच भंगारात गेला होता. आता तो कोड होता फक्त काकांच्या डोक्यात.

नंदीश घोटभर पाणी प्यायला. “काका, दोन वर्षं थांबा. तुमच्याशिवाय नाही जमायचं.”

आलं वाक्य. घरी जाईपर्यंत काकांनी ते मनात चार वेळा तरी ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवशी ते बुद्धप्रियाच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. “पोरी, ह्ये परत लिवायचं. तू लिवनार, मी सांगनार.”

“आणि मग तुम्हाला कोण थांबवून घेईल, काका?”

“न्हाय घेतलं तर न्हाय.”

“उगीच शहाणपणा हा!”

“व्हय. पर ऐक की. मी मेलो, आन् काट्यावर शंभर ट्रॅक्टर अडले, तर शिव्या कुनाला? तुला. वर माज्या नावानं घातलेली शिवी मला तितं ऐकू येनार न्हाय, ह्ये लई वाईट.”

तीन आठवडे गेले. मग दोघं कारखान्यावर गेले, आणि उसाने भरलेली एकच ट्रॉली आधी जुन्या फाईलने तोलली, मग नव्या कोडने. एका किलोचा फरक नाही. बुद्धप्रियाने टाळीसाठी हात पुढे केला. काका म्हणाले, “आदी ट्रॉली हलव. मागं बैलगाड्या थांबल्यात्या.”

शेवटच्या दिवशी पुन्हा तीच स्क्रीन. चालत्या प्रोग्रामने वाचलेली नावं एक्केचाळीस, नंदीशच्या कागदावरही एक्केचाळीस. शेवटचं ‘वजन’, लिहिणारी बुद्धप्रिया. ‘काटा’ नव्हता. काकांनी काचेवर बोट ठेवून दोनदा मोजलं आणि एक प्रिंट मागून घेतली. नंदीशने शाल दिली, नारळ दिला. ते वाक्य काही पुन्हा म्हटलं नाही. आता गरज नव्हती.

म्हणजे कारखान्याला खरी यादी मिळाली, नंदीशला झोप मिळाली, पोरीला काम आलं. या सगळ्याची किंमत एकट्या काकांनी मोजली.

घरी बायकोने, नागूबाईने, शाल बाजूला सारून आधी तो कागद पाहिला. “तुमचं नाव कुटं हाय ह्यात?”

“न्हाय,” धोंडिराम ऐटीत म्हणाले. “म्हनून तर आनलाय.”