कोनापुऱ्यांचं मूळ गाव

मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहा पिता पिता विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?" गुरुसिद्धप्पा कोनापुऱ्यांना धड उत्तर देता आलं नाही. ते तीन वर्षांचे असतानाच वडील गेलेले. आजोबांचं नाव नागप्पा आणि ते मोडनिंबकडून सोलापूरला आले, एवढंच आई सांगायची. पाहुणे "कळवतो" म्हणून गेले आणि त्यांनी काही कळवलं नाही.

ही त्र्याहत्तरची गोष्ट. गुरुसिद्धप्पा नवी पेठेतल्या एका कापड दुकानात नोकरीला होते. आपल्याच आजोबांचा ठावठिकाणा आपल्याला ठाऊक नसावा, हे त्यांना खुपायला लागलं. रजा काढून ते तहसील कचेरीत चकरा मारू लागले. जुने कागद सगळे मोडीत, आणि मोडी वाचणारा कारकून एक तर रजेवर, नाहीतर कामात. बरेच महिने गेल्यावर मोडनिंबच्या जमिनीच्या एका कागदावर दोन भाऊ सापडले, नागप्पा आणि मल्लप्पा कोनापुरे. पुढच्या कागदावर नागप्पाचं नाव नव्हतं.

"सोलापूरला आले तेव्हाच कमी झालं असणार," गुरुसिद्धप्पा बायकोला, शरणम्माला म्हणाले.

तोवर मुलीचं लग्न दुसरीकडे होऊनही गेलं होतं. त्या लोकांनी मूळ गाव विचारलंच नाही.

मोडनिंबला मल्लप्पाचा नातू मल्लिकार्जुन भेटला. त्यानं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"वाटणी मागायला आलाय व्हय?"

"अहो, मला जमीन नको. फक्त माहिती हवी."

"माहिती कशाला लागती मग?"

पुन्हा गेले तरी तेच. तिसऱ्या खेपेला गुरुसिद्धप्पा चिडले आणि वाटणीवर आपला काही हक्क नाही असं त्यांनी स्टँपपेपरवर लिहून दिलं. तेव्हा कुठं मल्लिकार्जुन त्यांना शेतात घेऊन गेला. नागप्पा-मल्लप्पांच्या वडिलांची समाधी बांधाला होती. गुरुसिद्धप्पांनी डोकं टेकलं आणि त्यांना रडू आवरेना. मल्लिकार्जुन ओशाळला. त्या दिवसापासून तो त्यांना आण्णा म्हणू लागला, सणावाराला ज्वारी-हरभरा पाठवू लागला.

पुढच्या वर्षी गल्लीत हेळवी आला. पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणारा, बैल घेऊन फिरणारा हा माणूस. गुरुसिद्धप्पांनी हौसेनं त्याला घरी बोलावलं.

"नागप्पा कोनापुरे, मोडनिंबचे. वाच."

हेळव्यानं पानं उलटली. "मोडनिंबचा नागप्पा लग्नाआधीच पटकीनं गेला की. त्याला कुटली नातवंडं?"

"नीट बघ!"

"बघितलं. तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"बसलिंगप्पा."

"मग तुमी सांगोल्याचे. हितं हाय. नागप्पा, मुलगा बसलिंगप्पा. बायको-पोरासकट सोलापूरला गेला."

"का गेला? करत काय होता? मग मोडनिंब कुठून आलं?"

"ते आमी लिहीत न्हाई."

"पुढं?"

"पुढचं तुमी सांगायचं, आमी लिहायचं."

गुरुसिद्धप्पांनी सांगोल्याला जाऊन यायचं ठरवलं. दिवसभर उन्हात फिरले. कोनापुरे नावाचं घर कुणाला आठवेना. एका म्हाताऱ्यानं उलट त्यांनाच विचारलं, "तुमी कुटले?" त्यांनी रागानं तोंड फिरवलं आणि एसटी स्टँड गाठला.

घरी पाकीट येऊन पडलं होतं. मल्लिकार्जुनच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका. निमंत्रकांत पहिलंच नाव छापलेलं: श्री. गुरुसिद्धप्पा बसलिंगप्पा कोनापुरे.

दुसऱ्या दिवशी ते मोडनिंबला गेले आणि हेळव्याचं सगळं सांगून टाकलं. मल्लिकार्जुन हसायला लागला.

"त्या हेळव्याला काय कळतंय, आण्णा?"

"अरे, वडिलांचं नाव आहे त्यात. मी तुमचा कुणी नाही."

मल्लिकार्जुनच्या आईला, अक्कम्माला ऐकू कमी यायचं. तिनं जवळ येऊन त्यांच्या नाकावरून बोट फिरवलं. "माझ्या सासऱ्याचंच नाक हाय की," ती म्हणाली आणि ताट वाढायला गेली.

गुरुसिद्धप्पा जेवले. पोळी गोड होती. आधी नातं आहे हे पटवायला किती हेलपाटे घातले आणि आता नाही म्हणून सांगतोय तर कुणी ऐकायला तयार नाही.

घरी आल्यावर शरणम्मानं विचारलं, "मग लग्नाला जायचं ना?"

"जायचं," ते चपला भिरकावत म्हणाले. "कोण म्हणून जायचं, ते तेवढं मला विचारू नकोस."